बुलेट घेण्याआधी वाच

सातारा,
१२ ऑक्टोबर

प्रिय सुन्या,

तू घ्यायला बघतोयस त्या दोन्ही जुन्या बुलेटचे फोटो बघितले. पुण्यातली काळीभोर, सोनेरी रेघांची, क्रोम असं की भांग पाडावा. आणि फलटणची, टाकीचा रंग उडालेली, सीट फाटलेली, मडगार्डवर शेणाचे शिंतोडे. तुझा जीव कुठे अडकलाय ते कळलं. फोनवर तू मला बोलू देणार नाहीस, म्हणून लिहून काढतोय.

आधी एक विचारतो. तुला बुलेट चालवायची आहे की बुलेटचं करायचं आहे? नुसती चालवायची असेल तर २०१० ते २०२० मधली क्लासिक ३५० बघ. दिसायला जुन्या वळणाची, पण इंजिन-गिअरबॉक्स एकाच घरात, टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे) हायड्रॉलिक, म्हणजे आपोआप जुळणारे, सेल्फ स्टार्ट, गिअर डाव्या पायाला. ऑइल वेळेवर बदललंस की ती तुला फारसं काही मागणार नाही. त्यात कमीपणा काही नाही. माझ्या ओळखीत जुनी बुलेट हौसेने घेऊन वर्षभरात तिच्यावर धुणं वाळत घालणारे बरेच आहेत.

पण तुला कास्ट आयर्नच, म्हणजे जुन्या बिडाच्या इंजिनाचीच हवी असणार, तो आवाज हवा असणार. मग ऐक.

हे ३४६ सीसीचं इंजिन मूळचं इंग्लंडच्या रेडिचचं. लष्कराला गाड्या लागल्या म्हणून १९५५ साली मद्रासला एनफिल्ड इंडिया उभी राहिली आणि पुढे तिरुवोट्टियूरच्या कारखान्यात हेच इंजिन किरकोळ फरकाने २०१०च्या आसपासपर्यंत निघत राहिलं. मूळ रेडिचचा कारखाना त्याच्या कितीतरी आधी बंद पडला. या हट्टाचा फायदा आपल्याला होतो: पुण्याच्या नाना पेठेत गेलास तर चाळीस वर्षांपूर्वीच्या गाडीचाही बहुतेक माल मिळतो. तोटा असा, की त्यात डुप्लिकेट फार. पॉइंट आणि कंडेन्सर, म्हणजे ठिणगी पाडणारे भाग, तर चांगल्या कंपनीचेच घे, दोन पैसे जास्त गेले तरी.

आता कागद. सगळ्यात तरुण कास्ट आयर्न बुलेटनेसुद्धा १५ वर्षं ओलांडली किंवा ओलांडत आणलीत. म्हणजे 'रिपासिंग (१५ वर्षांनंतरची फेरनोंदणी) झालंय का' हा पहिला प्रश्न. रिपासिंग पाच वर्षांचं असतं, महाराष्ट्रात वर पर्यावरण कर. ते केव्हा संपतंय ते आरसीवर बघ. मग हँडलच्या मानेवरचा चासी नंबर आणि इंजिनावरचा नंबर स्वतः चिंधीने पुसून, आरसीशी अक्षर-अक्षर जुळव. नंबरावर जाड रंग किंवा घासल्याची खूण दिसली तर चहासुद्धा न पिता नीघ. 'मिलिटरी लिलावातली आहे' असं सांगणारेही भेटतील. असेल बाबा, पण आरटीओची नोंद दाखव म्हणावं.

फलटणच्या गाडीची मेख इथेच आहे. तू लिहिलंयस की गाडी विकणाऱ्या पोराच्या आजोबांच्या नावावर आहे आणि आजोबा वारले. मग तो पोरगा तुला गाडी विकूच शकत नाही. आधी फॉर्म ३१ भरून, मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची संमती जोडून गाडी त्याच्या नावावर व्हायला हवी. त्यानंतर तुमचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म. साताऱ्याची गाडी पुण्याला न्यायची तर २८ नंबरची एनओसी लागेल का, तेही आरटीओत विचार. विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं, घेणाऱ्याने ३० दिवसांत. 'सह्या करून देतो, नंतर बघू' याला हो म्हणू नकोस. चुलते-आत्यांमधला एक जरी फिरला तर गाडी दारात आणि तू आरटीओच्या चकरांत.

एवढं असूनही माझं मत फलटणच्या बाजूने आहे. कारण ती रोज दूध घालायला जाते. रोज चालणाऱ्या बुलेटचं दुखणं लपत नाही, आणि लपवायला त्या पोराला वेळही नाही. पुण्यातल्या गाडीचं इंजिन उघडलं होतं का, झिजलेला सिलिंडर कातून (बोअरिंग) कुठे घेतला, कितव्या ओव्हरसाइझचा, म्हणजे मोठ्या मापाचा पिस्टन बसवला, असं मालकाला विचार. बिलं माग. तो फक्त पेंटचं आणि सीटचं कौतुक सांगायला लागला तर समज. लांबी भरून गुळगुळीत केलेल्या टाकीत आतून गंज असतो; मोबाइलचा टॉर्च लावून टाकीत बघ. आणि तो फटाके फोडणारा सायलेन्सर! जप्त केलेल्या असल्या सायलेन्सरवर पोलीस रोडरोलर फिरवतात, फोटो पाहिले असशीलच. ओरिजिनल सायलेन्सर दे म्हण, नाहीतर किमतीतून कापून घे.

गाडी बघायला जाशील तेव्हा इंजिन थंडगार हवं. गेल्या गेल्या इंजिनावरच्या फिन्सना (पट्ट्यांना) हात लाव. कोमट लागलं तर तुझ्या येण्याआधी कोणीतरी किका मारून घाम गाळलाय. किक मारायची रीत आठवतेय का? चावी फिरवली की अँपिअर मीटरचा काटा मायनसकडे झुकतो. किक हळूहळू दाबत जायचं, काटा मध्यावर आला की थांबायचं. डीकम्प्रेसर (सिलिंडरातला दाब सोडणारा छोटा लिव्हर) ओढून किक जराशी पुढे सरकवायची, सोडायचा, पाय वर घ्यायचा, आणि मग एकच सणसणीत किक, शेवटपर्यंत. अर्धवट मारलीस तर ती उलटी मारते, आणि घोट्याला ते बरेच दिवस आठवतं. चांगली गाडी दुसऱ्या-तिसऱ्या किकेला बोलते.

सुरू झाल्यावर निळसर धूर आला तर लगेच घाबरू नकोस. बरेच दिवस उभी असली की इंजिनाच्या ऑइल टाकीतलं ऑइल झिरपून क्रँककेसमध्ये उतरतं, ते थोडा वेळ जळतं. इंजिन तापल्यावरही धूर राहिला तर मात्र रिंग-पिस्टनचं काम आहे. खालून जड ठक-ठक येत असेल तर कनेक्टिंग रॉडचं, तो खर्च मोठा. वरची बारीक टिकटिक बहुतेक टॅपेटची, ती घरी निघते. डाव्या अंगाला चेनकेसखाली (इंजिनाच्या चेनच्या पेटीखाली) ऑइलचा थेंब दिसेलच. ते एवढं मोठं झाकण एकाच नटावर आणि एका रबराच्या कडीवर बसवलेलं, गळणार नाही तर काय! गळतीवरून घासाघीस जरूर कर, पण गाडी नाकारू नकोस.

चालवताना सगळ्यात जास्त जप पायांना. गिअर उजवीकडे, पहिला वर, बाकी तीन खाली, ब्रेक डावीकडे. अचानक कुत्रं आडवं आलं की सवयीचा उजवा पाय गिअर दाबतो. आठवडाभर मोकळ्या रस्त्यावर फिर, मगच पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये घाल. टाचेजवळचा न्यूट्रलचा छोटा लिव्हर वापरायला शीक; पहिला सोडून कुठल्याही गिअरमधून तो न्यूट्रलला आणतो आणि सिग्नलला इज्जत राखतो.

देखभालीचं म्हणशील तर रविवारचा एक तास. टॅपेट थंड इंजिनावरच बघायचे: पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणून उजवीकडची टॅपेटची झाकणी काढ, पुशरॉड (आतला उभा दांडा) चिमटीत धर. तो बोटांनी सहज फिरला पाहिजे, वरखाली मात्र हलता कामा नये. पॉइंटची गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटर, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) वापर, अंदाज नको. इंजिन, गिअरबॉक्स आणि चेनकेस, तिघांचं ऑइल वेगळं. इंजिनाचं बदललं म्हणजे झालं असं नाही. आताच्या इथेनॉलच्या पेट्रोलमुळे जुने रबरी पाइप बदलूनच टाक, आणि गाडी पंधरा-वीस दिवस उभी राहणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत चालव. सकाळी सुरू केल्या केल्या ताणू नकोस, ऑइल वरपर्यंत पोचू दे. सत्तरच्या पुढे तिला नेण्यात काही मजा नाही, नट तेवढे सैल होतात.

शनिवारी सकाळी ये, एसटीनेच ये. इथून फलटणला माझ्या गाडीवर जाऊ. त्या पोराला सांगून ठेव, आम्ही येईपर्यंत किक मारू नको, आणि दूध दुसऱ्या कोणाकडून पाठव. आरसीच्या दोन्ही बाजूंचा फोटो आधीच मागवून घे. गाडी पटली तर वाईहून पसरणी घाट चढवून बघू; क्लच घसरत असेल तर पाचगणीच्या आधीच कळेल. पण चालू विमा नसेल तर घाट नाही, मैदानातच फिरवून बघायची. इसार देऊ तो पावती घेऊन, आणि उरलेले पैसे त्याच्या नावावर गाडी झाल्यावर. वहिनींना किंमत खरी सांग, मला मध्ये घेऊ नकोस.

तुझा,
बाळ्या