रोडग्याच्या दिवशी हक्कसोडाचा कागद नको

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

माझं माहेर दारव्हा तालुक्यात, सासर वाशीम जिल्ह्यात. मागच्या रविवारी माहेरी शेतात म्हसोबाचे रोडगे होते म्हणून गेले होते, तिथं जे झालं ते आठवडा झाला तरी मनातून जात नाहीये. कोणाची बदनामी करायची नाही, माझीच माणसं आहेत, पण इकडं आल्यावर ज्या ज्या बायकांशी बोलले त्या सगळ्या म्हणाल्या, हाव, आमच्या घरी बी असंच झालं. म्हणून लिहितेय.

रोडगे म्हणजे आमच्या घरचा वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. चैत्रात तूर, हरभरा, गहू सगळं घरात आलेलं असतं, वावर मोकळं असतं, तेव्हा धुऱ्यावरच्या चिंचेखाली सगळं खटलं जमतं. बाबा धरून तीन भाऊ, चार बहिणी, त्यांची लेकरं, सुना, जवाई, नातवंडं, यंदा साठच्या वर पानं झाली. सकाळी सातलाच पोट्टे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गंज, पराती, गोवऱ्या, पाण्याच्या कॅन टाकून निघतात, मागून बाया. सतरंजीवर बसून काटेरी वांगे चिरणं चालू होतं, मोठी माय जाडसर पिठात ओवा, मीठ अन् तेलाचं मोहन घालून घट्ट कणिक मळते, पोळीला तेल लावून घडीवर घडी करत गोळे वळते, आणि गोवऱ्यांचा धूर जाऊन लाल विस्तव झाला की पुरुष मंडळी त्यात रोडगे सोडतात. हे भाजायचं काम बाप्यांचंच, बाबा त्या दिवशी विस्तवापासून हलत नाहीत, कोणी हात लावला तर चिडतात. राखेतून काढलेला रोडगा फडक्यानं पुसायचा, फोडायचा, त्यावर तूप आणि वांग्याची भाजी, वरण. म्हसोबाले निवद दाखवला की पंगत.

पण खरं सांगू का, हे सगळं होतं ते आत्यांसाठी. मोठ्या आत्या 76 वर्षांच्या, 1971 साली लग्न होऊन अचलपूरला गेल्या. तेव्हा त्या शकुंतला रेल्वेनं मूर्तिजापूरला यायच्या, तिथं गाडी बदलून दुसऱ्या शकुंतलेनं दारव्ह्याला, एक दिवस त्यातच जायचा, कडेवर लेकरू. आता शकुंतला बंद, गुडघे गेले, तरी एसटी बदलत बदलत आल्या आणि आल्या आल्या पहिले चिंचेच्या खोडाला हात लावला. दरवर्षी लावतात. त्या वावरात त्या निंदल्या आहेत, कापूस वेचला आहे, शाळा तिसरीत सोडली ती याच वावरासाठी.

जेवणं झाली, भांडे घासणं चालू होतं, आत्या चौघी सावलीत पाय पसरून बसल्या होत्या तेव्हा घरातल्या एकानं गाडीच्या डिक्कीतून प्लास्टिकचं फोल्डर काढलं. म्हणे आत्या इथं सह्या करा, उद्या सोमवारी दारव्ह्याले रजिस्टरी करून घेऊ, दहा मिनिटाचं काम आहे. हक्कसोडाचे कागद. कुणाला आधी फोन नाही, काही सांगणं नाही. दिवस हाच का, तर चौघी बहिणी एकाच ठिकाणी वर्षातून एकदाच सापडतात.

मोठ्या आत्यांनी चष्मा बी लावला नाही, पेन हातात घेतला. धाकट्या आत्या म्हणाल्या, "अवं थांब, याच्यात लिवलं काय हाय ते तं वाचा कोनी." मग मी वाचलं मोठ्यानं. की आम्ही स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय, सदर शेतजमिनीतला आमचा हक्क कायमचा सोडत आहोत, यापुढे आमचा किंवा आमच्या वारसांचा काहीही संबंध राहणार नाही. सगळे गप्प झाले. मोठ्या आत्या माझ्याकडं पाहून म्हणाल्या, "काहीच संबंध नाही तं मंग मले रोडग्याले कोन बोलावन?"

कोणाजवळ उत्तर नव्हतं. माझ्याजवळही नव्हतं, कारण पाच वर्षांपूर्वी आमच्या सासरी महालक्ष्मीच्या दिवशी माझ्या नणंदेची सही अशीच घेतली होती. सोळा भाज्या, आंबील, पुरणपोळी सगळं मी केलं, तिची ओटी भरली, साडी दिली, आणि सही झाली तेव्हा मला बरं वाटलं होतं, की चला मोकळं झालो. ती काही बोलली नाही. मी तेव्हा तिला एका शब्दानं विचारलं नाही याचं मला आज फार वाईट वाटतं, आणि तिला मी हे फोन करून सांगितलंसुद्धा.

भावांची बाजू मला माहीत आहे, घरात दोन्हीकडून ऐकली आहे. सातबाऱ्यावर सात नावं असली की पीककर्जाच्या वेळी सगळ्यांच्या सह्या लागतात, चार गावच्या चार बहिणी आणायच्या कुठून, पेरणी तर थांबत नाही. शेती करणारा तोच, सोयाबीनला भाव नसला तर मरणाराही तोच. हे खरं आहे. पण त्यासाठी हक्क सोडायलाच पाहिजे असं कुठं आहे, जमीन महसूल संहितेच्या कलम 85 प्रमाणे तहसीलदाराकडे वाटणी करून ज्याचा त्याचा सातबारा वेगळा करता येतो. बहिणीनं वाटणीची जमीन भावालाच कसायला दिली तर कोण नाही म्हणतं.

आणि आत्यांना तर हेही माहीत नव्हतं की त्यांचा हक्क आहे. "माहं लगन होऊन पन्नासच्या वर वर्सं झाली, मले कायचा हक्क," हेच म्हणत होत्या. त्यांची चूक नाही. महाराष्ट्रानं 1994 साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क दिला तेव्हा 22 जूनच्या आधी लग्न झालेल्यांना त्यातून वगळलं होतं, तेच सगळ्यांच्या डोक्यात बसलं. मग 9 सप्टेंबर 2005 पासून केंद्राचा कायदा बदलला, मुलगी जन्मापासून मुलासारखीच हिस्सेदार, लग्न कधी झालं याचा संबंधच ठेवला नाही. तरी वाद होताच की वडील 2005 च्या आधी वारले असले तर काय, आमचे आजोबा 1998 ला गेले. तो वाद सुप्रीम कोर्टानं 11 ऑगस्ट 2020 ला विनीता शर्मा प्रकरणात संपवला, वडील 9 सप्टेंबर 2005 ला हयात असायची गरज नाही म्हणून. फक्त 20 डिसेंबर 2004 च्या आधी रीतसर वाटणी झाली असली तर ती मोडत नाही. आमच्याकडे वाटणी कधी झालीच नाही. हे मी त्याच दिवशी चिंचेखाली जेवढं जमलं तेवढं सांगितलं, काहींना आवडलं नाही, मला म्हणाले तू कायले मधात पडतं.

पुढं काय झालं तर सोमवारी दोघी आत्यांनी सह्या केल्या, त्यांची मर्जी, त्यांनी ऐकून समजून केल्या. मोठ्या आत्या म्हणाल्या अक्षय तृतीयेनंतर सांगते. धाकट्या आत्या नाही म्हणाल्या, आणि तेव्हापासून त्यांना माहेरचा एक फोन नाही. दरवर्षी त्यांच्या घरी पायलीभर तूरडाळ जाते, यंदा पाठवली नाही. बाबांना मी विचारलं तर ते काहीच बोलले नाहीत, उठून गोठ्यात गेले.

माझं एवढंच म्हणणं आहे. बहिणीला हक्क सोडायचा असेल तर सोडू द्या, पण कागद महिनाभर आधी तिच्या घरी पाठवा, किती एकर आहे, कोणत्या गटात आहे ते सांगा, तिच्या पोरासोरांना वाचू द्या. सातबारा आता मोबाईलवर दिसतो, तिला दाखवा. हक्कसोड एकदा रजिस्टर झालं की ते मागं घेणं सोपं नाही. आणि रोडगे, महालक्ष्मी, राखी, भाऊबीज या दिवशी हा कागद काढूच नका. ज्या दिवशी ती साडी नेसून, नातवंडं घेऊन, पोटभर जेवून बसलेली असते त्या दिवशी ती नाही म्हणू शकत नाही हे आपल्या सगळ्यांना माहीत असतं.

साहेब, तुमचा पेपर आमच्याकडे पारावर वाचला जातो. हक्कसोड म्हणजे काय, वारस नोंद म्हणजे काय, फेरफाराची नोटीस आली तर किती दिवसात काय करायचं हे एखाद्या वकिलाकडून सोप्या भाषेत लिहून घेऊन छापाल का? अक्षय तृतीयेच्या आधी छापलं तर फार बरं होईल, त्या दिवशी पितरांच्या घागरीसाठी गावोगावच्या लेकी माहेरी येतात आणि आमच्या मोठ्या आत्याही येणार आहेत.

आपली,
एक माहेरवाशीण, ता. दारव्हा, जि. यवतमाळ