संशोधन पद्धतीच्या तासांसाठी आभार

आदरणीय मॅडम,
सादर नमस्कार.

उच्च माध्यमिक वर्गांत मानसशास्त्रातील संशोधन पद्धतींचे प्रकरण बहुधा व्याख्या उतरवून घेण्यातच संपते. आमच्या वर्गात ते तसे संपले नाही, याचे श्रेय आपल्या मार्गदर्शनाला आहे, म्हणून हे जाहीर आभारपत्र.

आपण सुचवलेल्या पाठांपैकी मानसशास्त्रज्ञ स्ट्रूप यांच्या 1935 मधील प्रयोगावर आधारलेला पाठ सर्वांत फलदायी ठरला. ‘निळा’ हा शब्द लाल शाईत छापलेला असला की शाईचा रंग सांगायला अधिक वेळ लागतो, हे विद्यार्थ्यांनी स्वतः मोजले. आणि मोजायला बसल्यावरच स्वतंत्र चल (आपण मुद्दाम बदलतो तो घटक) कोणते, आश्रित चल (त्याचा परिणाम म्हणून आपण मोजतो तो घटक) कोणते, आधी चुकलेले आणि मग दुरुस्त केलेले उत्तर धरायचे की नाही, हे प्रश्न त्यांच्याकडून आले. कोणती यादी आधी द्यायची यावरचा वाद तर तास संपला तरी मिटेना. अखेर निम्म्यांनी शब्द आणि शाईचा रंग जुळणारी आणि निम्म्यांनी न जुळणारी यादी आधी वाचावी, असा तोडगा एका विद्यार्थिनीने काढला, त्यामुळे प्रतिसंतुलन, म्हणजे क्रमाचा परिणाम दोन्हीकडे सारखा वाटून टाकणे, वेगळे शिकवावेच लागले नाही.

प्रश्नातल्या शब्दांचा आठवणीवर होणारा परिणाम तपासणाऱ्या लॉफ्टस आणि पामर यांच्या 1974 मधील अभ्यासाबाबतही आपला आग्रह योग्यच होता. अपघाताच्या त्याच चित्रफिती पाहूनही, प्रश्नातले क्रियापद जोरदार धडकेचे असता वेगाचा सरासरी अंदाज ताशी 40 मैलांहून थोडा अधिक आणि नुसत्या स्पर्शाचे असता 31.8 मैल आला, एवढे सांगून थांबू नका, सहभागी कोण होते तेही विचारू द्या, असे आपण म्हणाला होतात. ते 45 विद्यार्थी होते हे कळताच, प्रत्यक्ष अपघात पाहिलेल्यांनाही हा निष्कर्ष लागू होईल का, यावर वर्गात चर्चा रंगली. ‘मोबाइलमुळे तुमची झोप बिघडते का?’ हा स्वतःच्याच प्रश्नावलीतला, उत्तर सुचवणारा प्रश्नही मुलांनी मग स्वतःहून बदलला.

मिलग्रॅम यांच्यासारखा (अधिकाऱ्याच्या आज्ञेवरून दुसऱ्याला विजेचे धक्के देत असल्याचे सहभागींना भासवणारा) प्रयोग करण्याचा हट्ट (तो दरवर्षी कोणी ना कोणी धरतोच) आपण ज्या शांतपणे संमती, माघारीचा हक्क आणि सहभागींना होणारा त्रास या विषयांकडे वळवलात, ते कौशल्य मला अजून साधायचे आहे. अल्पवयीन सहभागींच्या पालकांचीही संमती घेण्यासाठी आपण तपासून दिलेला नमुना अर्ज आता आमच्या प्रत्येक प्रकल्पाला जोडला जातो.

या वर्षीच्या प्रश्नावल्यांचे मसुदे वेगळे पाठवले आहेत. सवडीने पाहावेत, आणि नेहमीप्रमाणे खाडाखोड करताना संकोच करू नये, ही विनंती.

आपली कृतज्ञ,
मानसशास्त्राची एक शिक्षिका