देहावरच्या चित्रफिती सलग पाहण्याची सोय हवी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कलावंताने स्वतःचाच देह माध्यम म्हणून वापरलेल्या प्रायोगिक चित्रफितींमधली एखाददुसरी चौकट अधूनमधून मोबाइलवर फिरते आणि ‘ही कसली कला?’ असा वाद पेटतो. वाद घालणाऱ्या दोन्ही बाजूंनी मूळ फीत बहुधा पाहिलेलीच नसते, हे मला अधिक खटकते.

जपानी कलावंत योको ओनो यांचा ‘कट पीस’ हा मंचीय प्रयोग घ्या. १९६४ मध्ये क्योटोत झालेला हा प्रयोग पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या कार्नेगी रिसायटल हॉलमध्ये पुन्हा झाला, तेव्हा माहितीपटकार मेझल्स बंधूंनी तो चित्रित केला. ओनो मंचावर निश्चल बसलेल्या, पुढ्यात कात्री; प्रेक्षकांनी एकेक करून यायचे आणि त्यांच्या कपड्याचा तुकडा कापून न्यायचा. शेवटी एक तरुण सरावल्या हाताने अंतर्वस्त्राचे पट्टे कापतो, तेव्हा त्या छातीवर हात धरतात. तेवढीच चौकट पाहिली तर अर्धवस्त्र स्त्री दिसते. फीत सलग पाहिली तर कात्री धरणाऱ्यांची भीड कशी चेपत जाते ते दिसते, आणि प्रयोगाचा विषय तोच आहे. भारतीय कलावंत सोनिया खुराणा यांच्या ‘बर्ड’ (१९९९) या कृष्णधवल फितीत त्यांचा विवस्त्र, स्थूल देह उडू पाहतो आणि कोसळतो. यात चाळवणारे काय आहे, ते आक्षेप घेणाऱ्यांनीच सांगावे. निव्वळ नग्नता म्हणजे अश्लीलता नव्हे, चित्र त्याच्या संदर्भासह पाहावे, असे सर्वोच्च न्यायालयानेही २०१४ मध्ये अवीक सरकार खटल्यात म्हटले आहे.

शिवाय अमेरिकी कलावंत कॅरोली श्नीमन यांनी ‘फ्यूजेस’ या आपल्या प्रायोगिक चित्रपटासाठी फिल्मच्या पट्टीवरच रंग चढवले, ओरखडे काढले, तो पोत हातातल्या मोबाइलवर काय दिसणार?

म्हणून ठाणे महानगरपालिकेने कापूरबावडीच्या ठाणे कला भवनातील एखादी खोली काळे पडदे लावून महिन्यातून एका संध्याकाळी अशा फितींसाठी द्यावी. कलावंतांची किंवा संग्रहालयांची रीतसर परवानगी घ्यावी आणि प्रवेश केवळ प्रौढांसाठी असल्याची, तसेच फितीत नग्नता असल्याची पाटी दारावरच लावावी, म्हणजे ज्याला पाहायचे नाही तो बाहेरूनच परतेल. नंतर चर्चा ठेवायचीच तर ती आटोपशीर असावी. आपल्याकडे अध्यक्षीय समारोपच मूळ कार्यक्रमापेक्षा लांबतो.

आपला,
एक वाचक, नौपाडा, ठाणे