हिवताप उतरला, पण रक्त भरलं का? आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय, सादर नमस्कार.

गडचिरोली जिल्ह्यात हिवतापाचे रक्तनमुने तपासण्यात माझी सारी नोकरी गेली. स्लाईड जेएसबी या रंगद्रावणाने रंगवायची, सूक्ष्मदर्शकाखाली सरकवत राहायची आणि लाल पेशीत अंगठीसारखा जंतू दिसला की नोंद करायची. औषधानंतर जंतू दिसेनासा झाला की रुग्ण बरा. 'बरा' म्हणण्याची ही रीत बदला, एवढ्यासाठी हे पत्र.

सात-आठ वर्षांची एक पोर मला अजून आठवते. फाल्सिपेरम, म्हणजे हिवतापाचा सर्वांत घातक प्रकार, निघालं होतं. गोळ्या पूर्ण झाल्या, स्लाईड निगेटिव्ह आली. दोन आठवड्यांनी आजी तिला कडेवर घेऊन आली, कारण चार पावलं चालली की तिला धाप लागायची. खालची पापणी ओढून पाहिली, तर आतून कागदासारखी पांढरी. स्लाईड पुन्हा निगेटिव्हच. हिमोग्लोबिन केलं तेव्हा ते 5 च्याही खाली होतं. त्याच दिवशी तिला रक्त चढवायला पाठवावं लागलं. वाचली पोर.

फाल्सिपेरमचा जंतू लाल पेशीतलं हिमोग्लोबिन खाऊन वाढतो आणि साधारण 48 तासांत ती फोडून बाहेर पडतो. एरवी ही पेशी 120 दिवस जगते. पण रक्त एवढ्यानेच उतरत नाही. फुटलेल्या एकेका पेशीमागे जंतू कधी शिरलाच नाही अशा कितीतरी पेशी मरतात. त्यांचं आवरण ताठर होतं, त्यावर मरणाच्या खुणा उमटतात आणि पाणथरी (प्लीहा) त्यांना गाळून घेते. हाडांतल्या मगजात नव्या पेशी तयार होण्याचं कामही मंदावतं. जंतू मेल्यावरही हे काही दिवस चालूच राहतं. आधीच अशक्त असलेल्या लेकराला, गरोदर बाईला ते झेपत नाही.

म्हणून औषध सुरू करताना, सातव्या दिवशी आणि अठ्ठाविसाव्या दिवशी प्रत्येक रुग्णाचं हिमोग्लोबिन तपासणं बंधनकारक करा. काम बोटाच्या एका थेंबाचं आहे. त्यासाठी लागणाऱ्या पट्ट्या मात्र हिवतापाच्या नावाने वेगळ्या पुरवा, गरोदर मातांच्या वाट्यातून काढायला लावू नका.

आणखी एक. व्हायव्हॅक्स या हिवतापाच्या दुसऱ्या प्रकाराला 14 दिवस प्रायमाक्विनच्या गोळ्या देतात. ते द्यायलाच हवं, नाहीतर यकृतात दडलेला जंतू पुन्हा उठतो. पण ज्यांच्या रक्तात जी-6-पीडी हे लाल पेशींना जपणारं एन्झाइम कमी असतं, त्यांच्या लाल पेशी याच गोळीने फुटतात. त्याची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात आणा. तोवर निदान लघवी कोऱ्या चहासारखी झाली तर गोळी थांबवून लगेच दवाखान्यात या, हे आशाताईंना गोंडी-माडियात घरोघरी सांगू द्या.

मी वापरलेल्या रजिस्टरात निकालाशेजारी हिमोग्लोबिनचा रकाना नव्हता. पुढच्या पावसाळ्याआधी तो छापून घ्या.

आपला नम्र,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ
जि. गडचिरोली