उजेडावरच्या घड्याळाच्या पोटातही सेल असतो

संपादक महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत जुन्या वस्तूंच्या संग्रहावर लेख आला होता. उजेडावर चालणाऱ्या टेबल घड्याळांना ना चावी लागते ना सेल, आणि आज त्यांची किंमत लाखांत आहे, असं त्यात सरसकट लिहिलं आहे. यातलं सेलचं विधान कृपया दुरुस्त करा, कारण त्यापायी इकडे चांगली घड्याळं मरायला लागली आहेत.

जलंब स्टेशनाजवळ माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. आता तिथे मुलगा मोबाइल दुरुस्त करतो आणि मी मागच्या खोलीत माझी जमवाजमव घेऊन बसतो. लेख आल्यापासून माणसं पिशव्या घेऊन येताहेत. एका बुवांनी वरची काच पेचकसाने उचकटलेलं पितळी घड्याळ माझ्यापुढे ठेवलं. "याले सेल लागत नाही म्हणे. मंग हे आत काय होय?"

आत होता निकेल-कॅडमियमचा चार्जिंगचा सेल, फुटून वाहिलेला. त्याचा क्षार कॉइलच्या तारेपर्यंत गेला होता. केसाहून बारीक तांब्याची तार, हिरवी पडून चिमटा लावताच तुटली. डायल मात्र नव्यासारखी लख्ख! घड्याळ जर्मनीतल्या किंझले कंपनीचं, हेलिओमॅट. डोक्यावरच्या काळपट पट्ट्या उजेडातून वीज करतात, ती या सेलात साठते आणि रात्री घड्याळ त्यावरच चालतं. सिलिकॉनची एक पट्टी जेमतेम अर्धा व्होल्ट देते. सेल १.२ व्होल्टचा, म्हणून तीन-चार पट्ट्या ओळीने जोडाव्या लागतात. अशी पट्टी अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेने १९५४ साली जगाला दाखवली, तेव्हा ती पडलेल्या उजेडातल्या सहा टक्क्यांचीच वीज करू शकत होती. घड्याळाला तेवढी पुष्कळ.

पाटेक फिलिपची जिनिव्हातली घुमटाची घड्याळं निराळी. त्यांत उजेडाच्या विजेवर इवलीशी मोटर स्प्रिंगला चावी देते. लाखांच्या गोष्टी अशांच्या. तिसरं आटमॉस नावाचं घड्याळ. त्यात खरंच सेल नाही, पण ते उजेडावर चालतच नाही. खोलीतल्या तापमानाच्या चढउतारावर त्याच्यातली वायूची डबी फुगते-आकसते. एका अंशाच्या फरकावर ते दोन दिवस चालतं. लेखात या तिघांची खिचडी झाली आहे.

आमच्या भागात अशी घड्याळं कुठून आली, असं पुष्कळजण विचारतात. खामगाव म्हणजे कापसाची पेठ. जलंब-खामगाव ही छोटी रेल्वेलाइनसुद्धा १८७० साली कापसासाठीच टाकली. व्होलकार्ट ही स्विस पेढी इथे कापूस घ्यायची. पुढे १९५४ मध्ये तिच्यात आणि टाटांत मिळून व्होल्टास झाली. परदेशी माणसांची आणि कापसातली सरकी काढणाऱ्या जिनवाल्यांची ऊठबस होती, तेव्हा भेटीदाखल काही घड्याळं आली असावीत, असा आपला माझा अंदाज. जुन्या जिनिंगच्या कचेऱ्या मोडल्या की टेबलं सुताराकडे जातात आणि घड्याळं भंगारात, किलोच्या भावाने.

आता ज्यांच्याकडे असं घड्याळ आहे त्यांच्यासाठी. वरची काच उचकटू नका, तळ उघडा. सेलावर पांढरा भुगा दिसला तर आधी सेल बाहेर काढा. भुगा अल्कलीचा असतो. लिंबाच्या रसात कापसाची काडी भिजवून पुसला तर निघतो, मग ओल राहू देऊ नका. बदली सेल त्याच मापाचा, १.२ व्होल्टचा, चार्जिंगचा निकेल-मेटल हायड्राइड घ्या. साधा पेन्सिल सेल मुळीच नको. पट्ट्या त्याच्यात वीज ढकलत राहतात, त्याला ती साठवता येत नाही आणि तोही फुटून वाहतो. दुकानात आलेली निम्मी घड्याळं या एका काटकसरीने गेलेली.

आणि घड्याळ खिडकीत उन्हात ठेवू नका. आपल्याकडचा मे महिना सेलाला सोसत नाही. उत्तरेच्या खिडकीपासून हातभर अंतरावरचा उजेड त्याला पुरतो. घरात एलईडी लावल्यापासून घड्याळ मागे पडतं, अशी तक्रार घेऊनही लोक येतात. ते खरंच आहे. सिलिकॉनच्या पट्टीला तांबडा आणि त्यापलीकडचा, डोळ्याला न दिसणारा उजेड जास्त मानवतो. जुन्या पिवळ्या बल्बमध्ये तो भरपूर होता, पांढऱ्या एलईडीत फारच कमी. त्याहून जुन्या सेलेनियमच्या पट्टीला एवढा फरक पडत नाही.

काढलेला सेल उकिरड्यावर किंवा चुलीत टाकू नका. त्यात कॅडमियम आहे, ते विषारी आहे. तालुक्याला ई-कचरा घेणारा कुणी नसेल, तर डबीत बंद करून ठेवा आणि जिल्ह्याला जाणाऱ्याच्या हाती द्या. माझ्याकडची बरणी अशीच भरली आहे, पुढच्या खेपेला मुलगा घेऊन जाणार आहे.

आपला,
एक जुना घड्याळजी
जलंब, ता. शेगाव, जि. बुलडाणा