नमुना घेणाऱ्याचं नाव

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

तुम्ही मला ओळखाल की नाही, माहीत नाही. मागच्या उन्हाळ्यात भर दुपारी कोल्ड्रिंकच्या दोन रिकाम्या बाटल्यांमध्ये पाणी घेऊन एक मुलगी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेच्या दारात उभी होती, ती मी. यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर तालुक्यातल्या आमच्या गावाहून एसटीनं आले होते. तुमचं नाव इथं लिहीत नाही, कारण "माझं नाव कुठं टाकू नको व माय" असं तुम्हीच म्हणाला होतात. पण पत्र मात्र सगळ्यांनी वाचावं असं वाटतं, म्हणून उघड लिहिते आहे.

माझे दात पिवळे आहेत. पुढच्या चार दातांवर तपकिरी पट्टे आहेत, खाली खडूसारखे पांढरे ठिपके आहेत. शाळेत शनिवारी स्वच्छतेची तपासणी असायची. नखं, केस, दात. दर शनिवारी मला रांगेतून बाहेर काढायचे आणि सर म्हणायचे, "मंजन विकत घ्यायला पैसे नाहीत का?" सातवीपर्यंत मी दिवसातून चार वेळा दात घासले. राखेनं, मिठानं, कोळशानं, हिरड्यांतून रक्त येईपर्यंत. शहरातल्या एका दवाखान्यात बाबांनी हातउसने पैसे घेऊन दात साफ करून घेतले. डाग तसेच राहिले आणि डॉक्टरांनी पुन्हा पुढची तारीख दिली. त्यांनी एकदाही विचारलं नाही की आम्ही पाणी कुठलं पितो. फोटो काढताना मी तोंड मिटून घेते. ही सवय आता जाणार नाही.

अकरावीला पर्यावरणाचा प्रकल्प आला. वर्गातल्या बहुतेकांनी ओझोनचा थर आणि दिल्लीचं धुकं घेतलं. चित्रं छापील मिळतात, गुणही मिळतात. मला मात्र आमच्या गावातली एक गोष्ट लहानपणापासून टोचत होती. आमच्याकडे दातांवरून सून कोण आणि लेक कोण ते ओळखता येतं. बाहेरच्या गावाहून लग्न होऊन आलेल्या बायकांचे दात पांढरे. इथं जन्मलेल्या पोरींचे पिवळे. माझ्या आईचे दात मोगऱ्यासारखे आहेत आणि ती आयुष्यभर मलाच बोलत आली, "माह्यासारखे घासत जाय ना, बाई." एकाच घरात, एकाच मंजनानं घासलेले दात इतके वेगळे कसे? मी ठरवलं, पाणी तपासून आणायचं.

आधी मी दुसरीकडे गेले होते. कुठं ते सांगत नाही, सांगून काही उपयोगही नाही. तिथल्या माणसानं बाटल्यांकडे नुसतं पाहिलं आणि म्हणाला, "काचेची निर्जंतुक बाटली लागते. ही कोल्ड्रिंकची बाटली घेऊन आलीस होय?" पत्र कुठं आहे, कुणी पाठवलं, कोणत्या योजनेतून, असे चार प्रश्न. गावात पत्र मागायला गेले तर उत्तर आलं, "पाणी तर काचेसारखं आहे, तुले काय दिसलं त्यात?" तेच तर माझं म्हणणं होतं, काका. त्यात काहीच दिसत नाही. गढूळ नाही, वास नाही, चवीला गोड आहे. हागवण लागली असती तर चार दिवसांत सगळा गाव ओरडला असता. हाडांत आणि दातांत जे वर्षानुवर्षं हळूहळू मुरतं, त्यासाठी कुणी ओरडत नाही.

तुम्ही बाटल्या हातात घेतल्या, उजेडाकडे धरल्या आणि पहिलाच प्रश्न विचारलात, "तुह्या मायचे दात कसे आहेत?"

मी रडायला लागले. इतक्या वर्षांत हा प्रश्न विचारणारे तुम्ही पहिले होता. तुम्हाला उत्तर आधीच माहीत होतं, ते तुमच्या चेहऱ्यावरून कळलं. मग तुम्ही स्टूल ओढून दिलंत, माठातलं पाणी दिलंत आणि समजावून सांगितलंत. कायमचे दात हिरडीच्या आत तयार होतात ते वय जन्मापासून आठेक वर्षांचं. त्या वयात पाण्यात विरघळलेलं फ्लोराईड नावाचं क्षार पोटात जास्त गेलं की दातावरचं कवचच बिघडून तयार होतं. डाग वरून लागलेला नसतो, तो दाताच्या घडणीतच असतो, म्हणून घासून जात नाही. आई इथं आली तेव्हा तिचे दात तयार होऊन चुकले होते. आपल्या देशात हा रोग, फ्लोरोसिस, 1937 सालीच नेल्लोर भागात ओळखला गेला होता, हेही तुम्हीच सांगितलंत. मी जन्मले त्या सुमारास, 2008-09 मध्ये, त्याच्यासाठी राष्ट्रीय कार्यक्रमसुद्धा सुरू झाला. आणि मी सातवीपर्यंत राखेनं दात घासत होते.

बाटलीबद्दलही तुम्हीच सांगितलंत. निर्जंतुक बाटली लागते ती जंतू तपासायला. फ्लोराईडसाठी प्लास्टिकचीच बरी, फक्त ज्या पाण्याचा नमुना घ्यायचा त्याच पाण्यानं ती तीनदा खंगाळायची. म्हणजे ज्या बाटलीसाठी मला दारातून परत पाठवलं होतं, ती बाटली बरोबर होती.

तपासणी तुम्ही माझ्यासमोर केलीत. लाल रसायन दोन नळ्यांत टाकलंत, एकीत शुद्ध पाणी, दुसरीत आमच्या हापशीचं. पाण्यात फ्लोराईड जितकं जास्त तितका लाल रंग उडतो, म्हणालात. आमच्या नळीतला रंग फिकट होताना मी डोळ्यांनी पाहिला. दर लिटरला दीड मिलिग्रॅम ही शेवटची हद्द, त्याहून खाली एकपर्यंत असेल तर बरं. आमच्या हापशीचा आकडा हद्दीच्या दुपटीच्या वर होता. दुसरी बाटली गावच्या जुन्या उघड्या विहिरीची होती. ती एकच्याही आत.

पण मी हे पत्र त्या आकड्यासाठी लिहीत नाहीये. आकडा यंत्रानंही दिला असता.

अहवालाचा कागद भरताना एक रकाना आला, "नमुना घेणाऱ्याचं नाव". तिथं काय लिहितात ते मला माहीत नव्हतं. कुणा साहेबाचं नाव लागत असेल असं वाटलं, म्हणून मी म्हटलं, "काका, ते रिकामं ठेवा." तुम्ही पेन थांबवलंत आणि म्हणालात, "रिकामं काहून ठेवू? पाणी तूच आणलं ना?" आणि तुम्ही माझं संपूर्ण नाव लिहिलंत. आधी 'कु.', मग माझं, मग वडिलांचं, मग आडनाव. सावकाश, वळणदार अक्षरात. आडनावातल्या वेलांटीबद्दल मला विचारूनही घेतलंत.

काका, तुमच्यासाठी ते पाच सेकंदांचं काम असेल. माझं नाव तोवर हजेरीपटावर होतं, रेशनकार्डावर होतं. मी काही केलं म्हणून ते सरकारी कागदावर पहिल्यांदाच आलं होतं. एसटीत मी तो कागद तीनदा उघडून पाहिला. ज्या तोंडाला सगळे नावं ठेवायचे, त्याच तोंडानं दुसऱ्या दिवशी ग्रामसभेत मी तो अहवाल वाचून दाखवला. हात समोर न धरता, दात दिसत असताना.

सभेत एक म्हातारे बाबा उठून म्हणाले की 72 च्या दुष्काळानंतर बोअर आली, हापशी बसली, तेव्हा गावानं पेढे वाटले होते. ते खोटं नाही. उघड्या विहिरीच्या पाण्यानं पटकी व्हायची, गॅस्ट्रो व्हायचा, लेकरं दगावायची. त्यातून वाचायलाच हापशी आली. खडकाच्या पोटातलं पाणी जंतूंपासून दूर असतं, पण तेच पाणी वर्षानुवर्षं खडकाला चाटत राहतं आणि खडकातलं फ्लोराईड उचलतं. जंतूंच्या बाबतीत चांगलं ते हाडांच्या बाबतीत वाईट निघालं. यात कुणी वाईट हेतूनं काही केलं असं मला वाटत नाही. राग येतो तो नंतरच्या सगळ्या वर्षांचा. तपासून पाहावं असं कुणाला वाटलं नाही, आणि पोरींना मात्र मंजनाचा उपदेश चालू राहिला. माझी आजी चाळिशीतच कमरेत वाकली. तिला सगळे वात म्हणत आले. तिचा आजार हाच होता का, हे आता कोण सांगणार?

आता हापशीच्या दांड्याला लाल रंग लावला आहे. धुणंभांडी तिच्यावर, प्यायचं पाणी विहिरीचं. विहिरीतला गाळ काढला, वर जाळी टाकली, ब्लिचिंग पावडर नियमानं टाकतो, कारण एका रोगातून सुटून दुसऱ्यात पडायचं नाही. पाणी उकळून फ्लोराईड जात नाही, उलट पाणी आटतं आणि ते दाटतं, हे घरोघरी सांगत फिरले. तुरटी आणि चुन्यानं फ्लोराईड काढायची नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेची पद्धत तुम्ही सांगितली होती. तीही करून पाहायची आहे, पण प्रमाण पाणी तपासूनच ठरवायचं, मनानं टाकायचं नाही, हे तुमचं वाक्य लक्षात आहे. मे महिन्यात विहीर खाली गेली की लोक पुन्हा लाल दांड्याकडे वळतात. ते मी पाहते आणि रात्री झोप येत नाही.

माझे दात आहेत तसेच राहणार. पण माझा धाकटा भाऊ चार वर्षांचा आहे. त्याचे कायमचे दात अजून हिरडीत आहेत, तयार होताहेत. तो आता विहिरीचं पाणी पितो. त्याला सहावं-सातवं लागेल आणि पुढचे दुधाचे दात पडतील, तेव्हा खालून काय उगवतं ते पाहायला मी रोज त्याचं तोंड उघडून बघणार आहे.

पर्यावरण म्हणजे काय असा प्रश्न बारावीच्या पेपरात होता. मी व्याख्या लिहिली, गुण मिळाले. मनातून लिहायचं असतं तर हापशीच्या ओट्याबद्दल लिहिलं असतं, आणि त्या माणसाबद्दल ज्यानं घामेजलेल्या पोरीला आधी पाणी पाजलं आणि मग तिचं पाणी तपासलं. अशी माणसं टेबलामागे बसलेली असली की कागद नुसता कागद राहत नाही. आमच्याकडे म्हणतात, 'देवमाणूस भेटला.' मला तो शब्द वापरायला संकोच वाटतो, कारण तुम्ही देवासारखं काही केलं नाही. नीट विचारलंत, नीट ऐकलंत, नीट लिहिलंत. तेवढंच मला आजवर कुणाकडून मिळालं नव्हतं.

मी आता बी.एस्सी.ला रसायनशास्त्र घेतलं आहे. आमच्या गावापलीकडे कोलाम आदिवासींचा पोड, म्हणजे वस्ती, आहे, तिथल्या लेकरांचे दात मी पाहून आले. तिथं दोन बोअर आहेत आणि उघडी विहीर नाही. येत्या सोमवारी सकाळच्या एसटीनं दोन्हींचं पाणी घेऊन येते. बाटल्या प्लास्टिकच्या आहेत, त्याच पाण्यानं तीनदा खंगाळलेल्या. पोडावरची एक नववीतली मुलगी सोबत असेल. पाणी तीच भरणार आहे, तेव्हा त्या रकान्यात तिचं नाव लिहा. तिच्या आडनावातली वेलांटी मी विचारून ठेवली आहे, ऱ्हस्व आहे.

तुमची,
हापशीच्या पाण्याची बाटली घेऊन आलेली मुलगी