लायब्ररीचं हँडल म्हणजे नुसता आकडा नव्हे

मा. संपादक,

गोव्यातल्या कॉलेजांतून आमच्याकडे पणजीत पाटोवर इंटर्न म्हणून येणारी पोरं हुशार असतात, पायथन पटापट लिहितात, पण सी भाषेतली लायब्ररी, म्हणजे तयार फंक्शनांचा संच, पायथनमधून कॉल करायची वेळ आली की बहुतेक सगळी एकाच जागी अडकतात, म्हणून हे पत्र.

सीच्या लायब्ऱ्या बऱ्याचदा आतला डेटा दाखवतच नाहीत, नुसता एक पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, देतात, त्यालाच हँडल म्हणतात. एफओपनने फाइल उघडली की फाइल पॉइंटर, एसक्यूलाइटचा डेटाबेस उघडला की त्याचं हँडल. देवळाबाहेर चपला ठेवल्यावर मिळणारा बिल्लाच समजा, जपायचा आणि त्याच काउंटरवर परत द्यायचा. आता सीची फंक्शनं कॉल करायला पायथनमध्ये सीटाइप्स नावाचं मॉड्यूल आहे, त्याला तुम्ही काही सांगितलं नाही तर फंक्शनकडून साधा इंट, म्हणजे पूर्णांक, परत येतोय असं ते धरून चालतं. इंट ३२ बिटचा, पॉइंटर ६४ बिटचा, मग अर्धा पत्ता कापला जातो आणि तो कापलेला पत्ता पुढच्या फंक्शनला दिला की प्रोग्रॅम थेट सेगफॉल्ट होऊन, म्हणजे मेमरीत भलत्याच जागी हात घालून, कोसळतो, पायथनच्या एररचा मेसेजसुद्धा नाही, पोरं बिचारी भलतीकडेच चूक शोधत बसतात.

सीटाइप्समध्ये फंक्शन काय परत देतं ते रेसटाइपमध्ये आणि काय घेतं ते आर्गटाइप्समध्ये लिहायचं असतं. रेसटाइपला व्हॉइड पॉइंटर, म्हणजे कशाचा ते न सांगितलेला पॉइंटर, लिहून अर्धंच काम होतं, कारण परत आलेली किंमत पायथनमध्ये साधा आकडा होते आणि आर्गटाइप्स लिहिले नसतील तर पुढच्या कॉलला तो परत कापला जातो. दोन्ही लिहायलाच हवेत. माझ्या मते त्याहून चांगलं म्हणजे प्रत्येक हँडलसाठी एक रिकामा स्ट्रक्चर क्लास करून त्याचा पॉइंटर टाइप वापरायचा, मग चुकून फाइलच्या जागी डेटाबेसचं हँडल दिलं तर पायथन तिथंच अडवतं.

काहीजण लायब्ररीची हेडर फाइल उघडून स्ट्रक्चरच्या आतल्या फील्ड कॉपी करतात, ते तर अजिबात नको, ग्लिबसी आणि मसल या सीच्या दोन स्टँडर्ड लायब्ऱ्या, ग्लिबसीमधली फाइलची आतली मांडणी वेगळी, मसलमधली वेगळी. आणि ज्याने दिलं त्याच्याच फंक्शनने बंद करायचं, फाइलला एफक्लोज, स्वतः मेमरी मोकळी करणारं फ्री मारायचं नाही. एसक्यूलाइटचं ओपन फेल झालं तरी ते हँडल क्लोज करावं लागतं, हे तर कोणी सांगतच नाही.

अभ्यासक्रम ठरवणाऱ्या सरांना, मॅडमना कळकळीची विनंती आहे की यावर निदान एक प्रॅक्टिकल ठेवा, आणि ते ६४ बिट पायथनवरच घ्या, ३२ बिटवर इंट आणि पॉइंटर सारख्याच मापाचे असल्याने ही चूक दिसतच नाही.

– एक प्रोग्रॅमर, फोंडा